ओला चुना

"हळद पेठंतला हमाल व्हय?" घरमालक नानासोंनी उंबऱ्यातूनच केरबाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "भिंती पिवळ्या करून ठेवशील. न्हाई जमायचं."

"आवं, हात धुऊनच यीन की घरात."

"तुमची हळद काय धुतल्यानं जाती व्हय?" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

सांगलीच्या गावभागात बारा रुपये भाड्याची ही एकच खोली उरली होती. बाकी कुणी पंचविसाच्या खाली बोलतच नव्हतं. केरबा पेठेतल्या गोदामात पोत्यांवर निजायचा, आणि त्याची बायको हरणाबाई दोन वर्षं म्हसवडला भावांच्या दारात दिवस काढत होती. दिवाळीपर्यंत खोली बघून तिला आणायचा शब्द त्याने दिला होता. उंबऱ्यातून दिसलेल्या कोपऱ्यात तिची चूलही त्याने मनातल्या मनात मांडली होती.

नानासोंच्या देवघरातली हळद त्याच पेठेतली. ती देवाला चालते आणि भिंतीला चालत नाही. केरबाच्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. या माणसाच्या भिंतीची वाट लावली नाही तर नावाचा केरबा नाही, असं त्याने मनाशी धरलं.

चार दिवसांनी संधी आपल्या पायांनी चालत आली. बाळासो नावाचा, नुकतंच लग्न झालेला कारकून सामान न्यायला हातगाडी शोधत पेठेत आला. नानासोंची खोली त्यालाच मिळाली होती. पत्ता ऐकला आणि केरबाने भावही केला नाही. निघताना मात्र त्याने हळदीच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घातले.

खोलीला नुकताच चुना दिलेला होता, अजून ओला. ट्रंक ठेवून केरबा थेट हरणाबाईच्या चुलीच्या त्या कोपऱ्यात गेला आणि घामेजलेला पंजा सगळा जोर लावून भिंतीवर दाबला. हात काढला तर पंजा लालभडक उमटलेला. चुन्याला हळद लागली की कुंकवाचा रंग येतो, हे पेठेतलं शेंबडं पोरही सांगेल. रागाच्या भरात केरबाच तेवढं विसरला होता.

मागे बाळासोची बायको मनुबाई उभी होती. केरबा शिव्या खायला तयार झाला.

"शकुन केला व्हय दादा?" ती म्हणाली. "पन योक कसा? पाच उठवा की."

तेवढ्यात नानासो दारात आले. त्यांच्या डोळ्याला डोळा लावून केरबाने उरलेले चारही पंजे उठवले. मनुबाईने ते शकुनाचे म्हणून नानासोंना दाखवले. नव्या नवरीने शकुन म्हटल्यावर तो पुसायचा कुणी? मनुबाई भिंतीपुढे वाकली, तेव्हा टोपी सारखी करून त्यांनाही हात जोडावे लागले. केरबाला पोटभर बरं वाटलं.

"दादा, तुमची मंडळी कुठं असती?" मनुबाईने विचारलं.

"म्हसवडला."

"आना की येकदा. आमची खोली बघाय."

"आनतो," केरबा म्हणाला.

बाहेरच्या नळावर त्याने हात घासघासून धुतले. हळद गेली नाही. मग रिकामी गाडी ढकलत तो गोदामाकडे निघाला.