हॅडलीबाईंचा कोपरा

आमच्या आयोवात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना मत उभं राहून द्यायचं. शाळेच्या व्यायामशाळेत प्रत्येक उमेदवाराला एक कोपरा. आमच्या हॅडलीबाईंच्या कोपऱ्यात ठरलेल्या किमान संख्येला एक माणूस कमी पडत होतं. मोजणीआधी कुणी आलं नाही तर कोपरा मोडणार आणि देशातल्या या पहिल्याच निकालात आमच्या गावाकडून बाईंना भोपळा.

तेवढ्यात समोरच्या कोपऱ्याची म्होरकी, आमची शेजारीण डोरीन, हसत आली. "अगं, टेसा ओली झालीय. जा, बाहेर नेऊन बदल."

मी माझ्या तान्ह्या टेसाचं ऊबदार गाठोडं छातीशी घट्ट धरलं. ऐन मोजणीच्या तोंडावर मला बाहेर घालवतेय, दुसरं काय!

"मी इथून हलायची नाही, डोरीनकाकू."

"संशयी मेली! आण इकडे," म्हणत तिने पोरीला आमच्याच कोपऱ्यातल्या बाकावर आडवं केलं. टेसाने तिचा अंगठा मुठीत गच्च पकडला. लंगोट अर्धवट असतानाच मोजणीवाला मर्ल ओरडला, "वेळ संपली! जो जिथे, तो तिथला!" आणि डोरीनला आमच्यात मोजून पुढे गेला.

कोपरा वाचला. डोरीन माझ्याकडे रोखून बघत राहिली.

"खरं सांग, पोरीला पाणी कधी पाजलंस?"