कमलबाईंची चाकांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझा जन्म धुळ्यातल्या एका लहानशा कारखान्यातला. तिथल्याच एका निवृत्त शिक्षकांना मी बरीच वर्षं अंगणात फिरवलं. ते रोज माझी चाकं पुसायला लावत आणि भेटायला येणाऱ्यांना माझं कौतुक सांगत. ते गेल्यावर मला धरणगावला, त्यांच्या नात्यातल्या कमलबाईंकडे पाठवलं. कमलबाईंचे गुडघे पार गेले होते, पण माझ्यात बसायची त्यांना फार लाज वाटे. त्यांनी मला कापसाच्या खोलीत ठेवून दिलं. चाकांत कापूस अडकला, त्यांच्या आसाला गंज चढला.

पुढे त्यांची लेक पुनम हैदराबादला बाळंत झाली. मुलगी झाली. रेल्वेने एवढा वेळ बसणं कमलबाईंना झेपणारं नव्हतं. पुनमनेच विमानाची तिकिटं काढली. आकाशातून अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास, दीड तासात याल, असं तिने फोनवर समजावलं. आईला चालता येत नाही, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. ओल्या बाळंतिणीला घोर नको म्हणून कमलबाईंनी ते कोणाला सांगू दिलं नव्हतं.

निघायच्या दिवशी मला कापसाच्या खोलीतून बाहेर काढलं. जळगावच्या विमानतळावर विमानापर्यंत उघड्यावरून जायचं होतं. कमलबाईंचे यजमान पुनाआबा त्यांना माझ्यात बसवून मला ढकलू लागले आणि माझं चाक करकरलं. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमलबाईंनी पदर तोंडावर ओढला.

"माले घर लई चला," त्या पुटपुटल्या आणि उठायला गेल्या. गुडघा दुमडला. पुनाआबांनी त्यांना सावरून पुन्हा बसवलं.

"पुनम वाट देखी रायनी," लेक वाट पाहतेय, एवढंच ते म्हणाले.

कर्मचाऱ्यांनी कमलबाईंना वर चढवलं आणि मला सामानात ठेवलं. त्या अंधारात मला एकच सलत होतं, की माझ्यामुळे त्यांची मान खाली गेली.

हैदराबादच्या गुळगुळीत फरशीवर माझी करकर आणखीच घुमली. दूरवर पुनम दिसताच कमलबाईंनी पुनाआबांना थांबवलं. लेकीसमोर त्यांना चालत जायचं होतं. पण पुनमने पाहिलं होतं. ती जवळ आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. कमलबाईंना नजर वर करवेना.

पुनमने कुशीतली नात आईच्या मांडीवर ठेवली आणि स्वतः मला ढकलू लागली. माझी करकर ऐकून बाळ दचकलं.

"याना चाकले तेल द्या," कमलबाई चारचौघांत मोठ्याने म्हणाल्या. "पोर जागी व्हई." तोंडावरचा पदर केव्हाच खाली आला होता.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी खुर्ची अडगळीत पडली असेल, तर तिच्या चाकांना तेल द्या. आणि वाटेत अशा खुर्चीत बसलेलं कोणी भेटलं, तर त्यांच्या पायांकडे पाहत राहू नका. कुठे निघालात, एवढं विचारा.