मनात वाचायची परीक्षा

माझ्या मुलाला, सर्वेशला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. परीक्षा ऑनलाइन जाहिरातींची. इंटरनेटवर जाहिराती दाखवणारी एक मोठी परदेशी कंपनी ती घेते आणि पास झालं की सर्टिफिकेट देते. ते सर्टिफिकेट जूनअखेर हातात आलं नाही, तर अंधेरीच्या ऑफिसातली त्याची नोकरी जाणार होती. तिथली मॅनेजर गार्गी हे त्याला स्पष्ट सांगून मोकळी झाली होती. मुलगी वाईट नाही. "सर, क्लायंट पहिलं हेच विचारतात, टीममध्ये सर्टिफाइड कोण कोण आहे. मी किती दिवस सांभाळून घेऊ?" म्हणाली. त्याच्याहून वीसेक वर्षांनी लहान, पण सर म्हणते.

तसं पाहिलं तर जाहिराती त्याला नव्या नव्हत्या. बोरिवलीला स्टेशनसमोरच्या गल्लीत आमचं छोट्या जाहिराती घ्यायचं काउंटर होतं. गिरणी बंद पडली आणि माझ्या यजमानांनी, सीतारामांनी, एका स्टेशनरीच्या दुकानाचा पुढचा कोपरा भाड्याने घेतला. एक टेबल, दोन स्टुलं, वर हाताने रंगवलेली पाटी. वर पाहिजे, वधू पाहिजे, खोली भाड्याने देणे आहे, नावात बदल, दुःखद निधन. माणसं यायची, आम्ही मजकूर लिहून घ्यायचो, संध्याकाळी हे तो मजकूर फोर्टात वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये पोहोचवायचे. ते गेले की टेबलावर मी बसायचे. शाळा सुटली की सर्वेशही तिथेच. त्याचा गृहपाठ त्या स्टुलावर झाला.

काउंटरचा एक नियम होता. मजकूर लिहून झाला की तो गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचा. गिऱ्हाईक "बरोबर" म्हणालं की मगच पुढची ओळ. हा नियम पडायला कारण घडलं होतं. अगदी सुरुवातीला काजूपाड्यातल्या दोन भावांपैकी एक वारला, आणि कैलासवासी छापून आलं दुसऱ्याच्या नावामागे. तो दुसरा सकाळीच पेपर बगलेत मारून हजर. "काय सीतारामशेठ," म्हणाला, "आता चहा पाजताय की श्राद्ध घालताय?" त्याने हसण्यावारी नेलं म्हणून निभावलं. यांनी मात्र तेव्हापासून वाचून दाखवल्याशिवाय एक कागद पुढे जाऊ दिला नाही.

आणि लोकांनाही ते आवडायचं. आपलं दुःख दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकायला मिळालं की माणूस थोडा सावरतो, हे मी त्या टेबलावर पाहिलंय. दौलतनगरातून एक बाई आली होती, तिचा मुलगा घर सोडून गेला होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सर्वेश तेव्हा कॉलेजात होता, त्यानेच तिचा मजकूर वाचला. रंग सावळा, उंची मध्यम, डाव्या भुवईवर व्रण. प्रत्येक ओळीला ती मान हलवून "बरोबर" म्हणत होती. शेवटी "परत ये, कोणी रागावणार नाही" हे वाचलं तेव्हा म्हणाली, "पुन्हा एकदा वाच रे बाबा." त्याने तीनदा वाचलं.

यजमान गेले, मग लोकांच्या हातात फोन आले, मग लॉकडाउन आलं. काउंटर उघडं ठेवण्यात काही अर्थ उरला नाही. ओळखीने सर्वेशला अंधेरीला काम लागलं. तेही जाहिरातींचंच, फक्त कागद नाही आणि टेबलापलीकडे माणूस नाही.

अभ्यास मे महिन्यात सुरू झाला. माझी सून श्वेता एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिने सरावाचे प्रश्न छापून आणले. सगळे इंग्रजीत. मी जुनी मॅट्रिक, इंग्रजी वाचता येतं, कळत फारसं नाही. पण सर्वेश म्हणाला, "आई, तू वाच. कानावर पडलं की मला लवकर कळतं." मग जेवणं झाल्यावर मी चष्मा लावून एकेक प्रश्न वाचायचे. तो ओठांनी पुन्हा म्हणायचा, मग उत्तर द्यायचा. श्वेता भांडी विसळता विसळता चूक की बरोबर सांगायची.

"एका बेकरीवाल्याला आसपासची गिऱ्हाइकं हवी आहेत," तिने एकदा मला समजावं म्हणून मराठीत सांगितलं. "जाहिरात कशी लावाल?"

"पहिलं त्याला विचारेन, तुझे पाव किती वाजता निघतात," सर्वेश म्हणाला.

"तसा पर्याय नाहीये."

"नाहीये म्हणजे? त्याला विचारायचंच नाही?"

"अहो, कोणाला कधी दाखवायची ते मशीन आपलं आपण शिकतं. त्याच्यावर सोपवायचं. ब उत्तर आहे."

"मग मी तिथे कशाला बसलोय?"

"ते परीक्षेत विचारलेलं नाही," श्वेता म्हणाली, आणि नळ मोठा सोडला.

मला हसू आलं आणि लगेच गेलं. कारण खरंच, जवळपास प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मशीनवर सोपवा असंच निघत होतं. चाळीस वर्षं आमच्या घराने जे केलं, ते प्रत्येक वेळी चुकीचा पर्याय होऊन समोर यायचं. तरी त्याने ते घोटलं. जूनच्या सुरुवातीला श्वेता म्हणाली, "होईल हो. काठावर का होईना, होईल."

त्यानंतर तिने परीक्षेचे नियम नीट वाचले.

परीक्षा घरी बसूनच द्यायची होती, पण लॅपटॉपचा कॅमेरा आणि माइक पूर्ण वेळ चालू. कुठेतरी बसलेला एक निरीक्षक बघणार. खोलीत दुसरं कोणी नको, कागद नको, फोन नको. "आणि हे ऐका," श्वेता म्हणाली. "प्रश्न मोठ्याने वाचायचा नाही. ओठसुद्धा हलवायचे नाहीत. बाहेरच्या कोणाला प्रश्न सांगताय असं धरतात आणि परीक्षा बंद करतात."

सर्वेश माझ्याकडे बघायला लागला. मग म्हणाला, "त्यात काय, मनात वाचेन."

वाचता येईना. त्या रात्री मी त्याच्यासमोर कागद ठेवला आणि फक्त बघत बसले. पहिली ओळ गप्प गेली. दुसऱ्या ओळीला ओठ हलले, तिसरीला आवाज आला. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. "बोललास," मी म्हटलं. "कुठे?" म्हणाला. श्वेताने फोनवर त्याचं चित्रण करून दाखवलं तेव्हा पटलं. ओठ मिटून वाचायला लावलं तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचा. "अक्षरं दिसतात गं आई, पण कोण काय मागतंय तेच कळत नाही," असं म्हणाला.

मग मी त्याला तोंडात पाण्याची गुळणी धरून वाचायला सांगितलं. हा इलाज माझाच. दोन-चार सोपे प्रश्न त्याने तसे सोडवले, गाल फुगवून, बोटाने पर्याय दाखवत. अवघड प्रश्न आला आणि पाणी गिळून मोकळा. एकदा श्वेता आतून ओरडली, "अहो, सतराव्याला गटकन आवाज आला!" आणि त्याला हसू फुटून सगळं पाणी कागदावर. तेवढं एकदाच आम्ही तिघं पोटभर हसलो. पण रोज करून त्याला थोडं जमायला लागलं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

परीक्षा शनिवारी दुपारी होती. दहिसरला आमची चाळीतली दोन खोल्यांची जागा. सकाळी शाळेत निघण्याआधी श्वेताने आतल्या खोलीतलं कॅलेंडर काढलं, देव्हाऱ्यावर पडदा टाकला, यजमानांची तसबीर उतरवून माझ्या हातात दिली. भिंतीवर काही लिहिलेलं दिसता कामा नये आणि तसबिरीखाली नाव होतं. सर्वेशने निरीक्षकाला लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवली, पलंगाखालीसुद्धा. तोंडात पाणी धरता येणार नव्हतं, खाणंपिणं चालत नव्हतं. श्वेता शाळेत गेली होती, तिचा शनिवार भरलेला असतो. मी तसबीर घेऊन समोर राधाच्या दारात बसले. राधा माझी जुनी शेजारीण, मालवणची. तिनेही त्या दिवशी टीव्ही लावला नव्हता. खालच्या पोरांना दटावून आली होती, "गलाटो केल्यात तर बघा!"

बराच वेळ आतून काही ऐकू आलं नाही. मी बारीकसारीक आवाजाला दचकत होते. कोणाचा कुकर, कोणाची स्कूटर. शांतता जितकी लांबत गेली तितका मला धीर येत गेला. राधाने चहा ठेवला.

चहा कपात ओतत होती तेव्हा मला त्याचा आवाज आला.

आमचं दार प्लायवूडचं, त्यातून सगळं येतं. आधी पुटपुटणं, मग स्पष्ट शब्द. इंग्रजी शब्द, पण लय ओळखीची होती. एक ओळ, मग थोडं थांबणं, मग पुढची ओळ. समोरच्याने बरोबर म्हणावं म्हणून थांबतात तसं. मी उठून दाराशी गेले.

"काय झाला गो?" राधाने विचारलं.

मी तोंडावर बोट ठेवलं.

तिच्या लक्षात आलं. "मगे जा, सांग तेका," ती कुजबुजली. "गप वाच म्हणान."

कसं सांगणार? माझा आवाज आत गेला असता तर खोलीत दुसरं माणूस आहे असं झालं असतं. दार वाजवलं तरी तेच. मी कडीवर हात ठेवून उभी राहिले. दुसऱ्या हातात तसबीर. आत आवाज थांबला. बहुतेक निरीक्षकाने पडद्यावर ताकीद लिहिली असावी, कारण सर्वेश "सॉरी, सॉरी सर" म्हणाला. मग पुन्हा शांतता. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून मनातल्या मनात त्यालाच बजावत होते, ओठ मीट, ओठ मीट रे राजा.

तो पुन्हा वाचायला लागला. या वेळी हळू, पण नीट, शब्द न् शब्द. तो प्रश्न त्याला समजून घ्यायचा होता. मधेच तुटला आवाज. मग खुर्ची सरकली आणि दार उघडलं.

"बंद केली," तो म्हणाला. "निम्म्यावर आलो होतो."

राधाने त्याच्या हातात माझा चहा दिला. तो उभ्याउभ्याच प्यायला. थंड झाला होता.

संध्याकाळी श्वेताने कंपनीला लिहिलं, की यांना तशी सवय आहे, कॉपी नव्हती, आवाज तपासून बघा. उत्तर लगेच आलं. इतक्या लगेच, की ते माणसाने लिहिलेलं नव्हतं हे मलाही समजलं. नियम मोडल्यामुळे दिवाळीपर्यंत परत बसता येणार नाही, असं त्यात होतं. श्वेता एवढंच म्हणाली, "मी नियम आधीच वाचायला हवे होते." सर्वेश म्हणाला, "आधी वाचून काय झालं असतं?"

सोमवारी त्याने गार्गीला सगळं सांगितलं. तिला खरोखर वाईट वाटलं म्हणे. वरच्या साहेबांकडे जाऊन आली. पण दिवाळी फार लांब होती. "महिनाअखेरपर्यंत या, सर," म्हणाली, "मी पत्र चांगलं देईन."

शेवटच्या आठवड्यात एके दिवशी तो लॅपटॉप घेऊन घरूनच काम करत होता. मी शेजारी शेवग्याच्या शेंगा सोलत बसले होते. कसली जाहिरात लावतोयस, असं सहज विचारलं.

"माझ्या जागेची," तो म्हणाला.

मला आधी घराची वाटली. मग पडद्याकडे पाहिलं. अंधेरीच्या ऑफिसाला माणूस पाहिजे होता. अनुभव असल्यास उत्तम, सर्टिफिकेट आवश्यक. हे काम त्याच्याकडेच का दिलं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "नोकरभरतीच्या जाहिराती ऑफिसात मीच लावतो ना, आई. दुसरं कोण करणार?"

कोणाला दाखवायची ते भरायचं होतं. गाव, शिक्षण, वय. वयाच्या रकान्यात त्याने बावीस ते तीस टाकलं.

"हे कोणी सांगितलं?"

"गार्गीने लिहून पाठवलंय."

"थोडं वाढव की रे. पन्नासपर्यंत कर."

"आई," तो म्हणाला. रागाने नाही. मी शेंगा घेऊन आत गेले.

ती जाहिरात आमच्या घरात कोणाच्याच फोनवर आली नाही. श्वेताने दोन दिवस मुद्दाम शोधली. सर्वेश म्हणाला, येणारच नाही, आपण त्यात बसत नाही. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की अर्ज पुष्कळ आलेत, जाहिरात चांगली चालली. गार्गीने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं, आणि नव्या मुलाला काम समजावून द्यायला एक तारखेलाही येता येईल का, असं विचारलं. तो हो म्हणून आला होता.