नावेला लागणारं पाणी

त्या घाटावर एक रीत होती. पाणी किती आहे ते नावाड्याला एकदा विचारायचं, आणि त्याने सांगितलं की विषय संपला. स्वतः बांबू टाकून कोणी पाहायचं नाही. पाहिलं, तर नावाड्याच्या शब्दावर भरवसा नाही असा अर्थ व्हायचा, आणि ज्याच्या शब्दावर भरवसा नाही त्याच्या नावेत लेकरंबाळं घेऊन कोण बसेल? डोमा हा त्या घाटाचा नावाडी, त्याचा बाप आणि आजाही तेच. वैनगंगेच्या अलीकडे गडचिरोली, पलीकडे चंद्रपूर, आणि मधल्या पाण्याबद्दल डोमा म्हणेल ते खरं.

म्हणूनच मच्छीमार सोसायटीने नवी नाव घ्यायची ठरवली तेव्हा अध्यक्ष बापूजींनी निवड डोमावर सोपवली. बापूजी लांबच्या, तलावाकाठच्या गावचे. तलावातलं त्यांना सगळं कळायचं, नदीतलं काही नाही, आणि ते तसं मोकळेपणाने कबूलही करायचे.

घाटावरचा जुना डोंगा मिथुनसोबत गेला होता. मिथुन डोमाचा एकुलता एक मुलगा. दोन पावसाळ्यांपूर्वी, पूर पुरता ओसरला नव्हता तरी तो जाळं काढायला गेला आणि डोंगा उलटला. वाहून चाललेला उलटा डोंगा ओढताना डोमाचा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. मिथुन दुसऱ्या दिवशी खूप खाली सापडला.

मिथुनची बायको रीता माहेरी गेली नाही. ती ढिवराच्या घरची, जाळं टाकणारी, वल्हं मारणारी. सोसायटीच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली की नवी नाव मी चालवीन, घरात दुसरं कोणी कमावतं नाही. बापूजींनी मान डोलावली, बाकीच्यांनीही हरकत घेतली नाही. डोमाला मात्र ती पाण्यात जायला नको होती. नाही म्हणावं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. मला भीती वाटते, एवढे तीन शब्द. पण जन्मभर पुरात नाव घालणाऱ्या माणसाच्या तोंडून ते निघता निघेनात.

मूल गावाच्या पुढे तलावाकाठी हेमराज नावाचा माणूस नावा बनवायचा. डोमा, रीता आणि बापूजी तिथे गेले. हेमराजने दोन नावा पाण्यात सोडल्या आणि दोन्हींत धानाची पोती टाकली, कारण रिकामी नाव पाहून काही कळत नाही. सपाट बुडाची नाव पाण्यावर जेमतेम टेकल्यासारखी राहिली. दुसरी पोटाळ होती, बुडाखाली लांब कणा असलेली. ती निम्मीअधिक पाण्यात बसली. रीता सपाट नावेत चढली, एकटीने बांबू रेटला आणि तलावात लांबवर फिरून आली. उतरताना ती हसत होती. दोन वर्षांत डोमाने तिला हसताना पाहिलं नव्हतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण त्याला पाण्यावर दिसला तो मिथुन.

हेमराज सौदा करणारा माणूस, तरी त्याने लपवाछपवी केली नाही. "भाऊ, ही सपाट घोट्याच्या वर पानी असलं तरी निघते. वाऱ्यात थोडी डुलते. हे पोटाळ बिलकुल हालत नाई. पन मानसं भरली का मांडीभर पानी मागते, चालवाले दोन गडी पायजेत, आन् वाळूत बसली तर ढकलालेही. तुमच्या घाटावर उन्हाळ्यात पानी किती राह्यते?"

सगळे डोमाकडे पाहू लागले. खरं म्हणजे वैशाख लागला की त्या घाटावरून शेळ्या गुडघाही न भिजवता पलीकडे जायच्या.

"छातीभर," डोमा म्हणाला. "खाली बंधारा झाला ना. आता पानी तुंबून राह्यते, बाराही महिने."

बंधाऱ्याचं पाणी घाटाच्या बरंच खाली थांबतं हे रीताला ठाऊक होतं. तिने सासऱ्याकडे एकदा पाहिलं. पण परक्या माणसांसमोर नावाड्याला खोटं पाडायचं, तेही सुनेने, हे त्या घाटावर कधी घडलं नव्हतं. पोटाळ नाव ठरली.

नाव आली ती दिवाळीच्या सुमारास. नदी भरलेली होती, नाव हलत नव्हती, लोक डोमाची तारीफ करत होते. चालवायला दोन गडी लागत, म्हणून काम गावातल्या प्रफुल आणि त्याच्या भावाला मिळालं. रीता धान कापायला गेली, कापणी संपल्यावर घरी बसली. एका संध्याकाळी डोमाची बायको कुंता चुलीपुढून म्हणाली, "तुमी नाव नाई आनली. सुनेसाठी कुलूप आनलं." डोमा जेवता जेवता उठला.

माघात नदीच्या दोन धारा झाल्या आणि मध्ये वाळू उघडी पडली. नाव दोनदा टेकली, मग रोजच टेकू लागली. प्रफुल आणि त्याचा भाऊ कंटाळून तेलंगणात मिरची तोडायला निघून गेले, आणि डोमाच कसाबसा नाव नेऊ लागला. डोमाला तोंडावर कोणी बोललं नाही. पण एकदा शेजारची मंगली नावेत पाय ठेवण्याआधी थांबली, हातातली काठी पाण्यात बुडवून पाहिली आणि मगच चढली. कोणी शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या गिळल्या असत्या. हे त्याला गिळता आलं नाही.

फाल्गुनात रीताने कपड्यांचं गाठोडं बांधलं. घुग्घुसला तिचा भाऊ खाणीत पाळीवर जायचा. तिथल्या एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम मिळत होतं. मी पलीकडे सोडून देतो, असं डोमा म्हणाला. तिने नको म्हटलं नाही.

दोघंच होती, तरी पहिल्या धारेतच नाव घासत होती. मधल्या वाळूजवळ ती कच्चकन टेकली. रीता उतरली, गाठोडं कोरड्या वाळूवर ठेवून थांबली. डोमाने उतरून खांदा लावला. नाव हलली नाही. दुखरा खांदा तेवढा ठणकला.

"मी खोटं बोललो," तो नावेकडे पाहतच म्हणाला. "आज बापूजीले सांगतो. हे परत करतो, सपाट आनतो. तू राह्य माय."

"सांगा मामाजी. गावाले सपाट पायजेच. पन मी नाई राह्यत."

"काऊन?"

रीताने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. "मले भेव वाटते, असं तुमी मनले असते तर मी तुमच्यासंग बसून रडली असती. मिथुनसाठी आपन दोघं एकदाही संग रडलो नाई. तुमी पान्याचंच खोटं सांगतलं. आता मी कोनाच्या भरवशावर पान्यात नाव घालू?"

त्या काठावर डोमाने आयुष्यात एकच वस्तू कमावली होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने बुडवली होती.

रीताने साडी खोचली. त्याला नावेत बसायला सांगितलं आणि मागून दोन्ही हातांनी रेटा दिला, एकदा, दोनदा. तिसऱ्या रेट्याला नाव सुटली. "आत्याबाईले सांगा, पोचली का फोन करीन," ती म्हणाली आणि गाठोडं डोक्यावर घेऊन दुसऱ्या धारेत उतरली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. डोमा श्वास रोखून बघत होता. ती सावकाश, पाय रोवत गेली, पलीकडे चढली, निऱ्या पिळल्या आणि मूलच्या बसच्या रस्त्याला लागली.

वल्हं डोमाच्या मांडीवर तसंच पडून होतं. नाव आपली आपण थोडी खाली वाहत गेली आणि पुन्हा वाळूला टेकली. आता ती ढकलायला कोणी नव्हतं.