पेटी काढल्यावर

नियामक मंडळाचा निरीक्षक आदेशाचा कागद आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला, तेव्हा सासूबाई नेहमीप्रमाणे मोजणीची पेटी पुसत होत्या.

सूनबाई एका मोठ्या कंपनीकडून घाऊक दराने इंटरनेट घेऊन आसपासच्या घरांना आणि दवाखान्यांना पुरवत असे. कंपनीने दर वाढवला, तिने तो नाकारला, आणि त्याच आठवड्यापासून तिच्या ग्राहकांचा वेग गोगलगायीलाही लाजवू लागला. तिने तक्रार केली. मंडळाने पुराव्यासाठी तिच्या खोलीत वेग मोजणारी सीलबंद पेटी बसवली आणि मग तारखांवर तारखा देत दोन वर्षे काढली. पेटी बसल्यापासून वेग मात्र सुरळीत होता.

"पोलीस दारात उभा असला की चोरही सभ्य होतो," सासूबाई म्हणत.

"दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, आई," भौतिकशास्त्र शिकलेली सूनबाई उत्तर देई. वाक्य निर्दोष होते. तपासायचे तर पेटी काढून पाहावी लागली असती, आणि सीलला हात लावणे हा गुन्हा होता.

आदेशात लिहिले होते : वेग रोखल्याचे आढळले नाही, तक्रार फेटाळली, वाढीव दर मागील तारखेपासून लागू. सूनबाईने शेवटची ओळ पुन्हा वाचली. त्या दरात तिचा धंदा महिनाभरही तगला नसता.

"मला फक्त पेटी न्यायला सांगितलंय, ताई," निरीक्षक ओशाळून म्हणाला. त्याने स्क्रू काढले, वायर उपसली. सासूबाईंनी त्याला पाणी दिले. पेला रिकामा होण्याआधीच ग्राहकांचे फोन वाजू लागले. सूनबाईच्या पडद्यावरची वेगाची रेषा कड्यावरून ढकलल्यासारखी कोसळली होती.

त्याने वायर पुन्हा जोडली. रेषा उठली. काढली. पडली. त्याचा चेहरा पांढराफटक झाला.

"अहो, हे तर... माझ्या डोळ्यांदेखत!"

"मग लिहा," सूनबाई म्हणाली.

"काय लिहू? पेटी असली की दोष नाही. पेटी नसली की मोजमाप नाही."

"आग विझल्यावर येणारा बंब पाहिला होता, साहेब," सासूबाई म्हणाल्या, "बंब परत निघाल्यावर लागणारी आग आज पाहिली."

सूनबाईला हसू आले नाही. तिने पेटी उलटी केली. तळाशी पेटीचा ओळख क्रमांक छापलेला होता. इंटरनेटच्या जाळ्यावरचे प्रत्येक यंत्र अशाच क्रमांकाने ओळखले जाते. तिने कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर ओढला, त्याला तोच क्रमांक दिला आणि जोडला.

पेटी निरीक्षकाच्या मांडीवर होती. रेषा सरळ वर गेली.

तिने क्रमांकातला एक आकडा बदलला. रेषा खाली आली. पूर्ववत केला. वर.

कंपनी तो क्रमांक दिसला की वेग सोडत होती, नाही दिसला की रोखत होती. दोन वर्षे मंडळाने जे मोजले, ते फक्त स्वतःचे स्वागत होते.

"हे तरी मोजमाप आहे ना?" तिने विचारले.

निरीक्षकाने कोरा कागद काढला. "तुमच्या देखत पंचनामा करतो. फेरसुनावणीचा अर्ज आजच द्या. अर्ज दाखल झाला की वाढीव दर स्थगित. आणि निकालापर्यंत हा कॉम्प्युटर बंद करू नका."

"म्हणजे कधीपर्यंत?"

तो खाली मान घालून लिहीत राहिला. सासूबाईंनी फडके पिळले आणि त्या जुना कॉम्प्युटर पुसू लागल्या.