पोकरवाल्यांचं गाऱ्हाणं

विनीत काय करतो हे अख्ख्या तोंडवली गावाला ठाऊक होतं, फक्त ते मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. त्याच्या बाबांना, म्हणजे महादूंना, कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "कंप्युटरचां काम करता." विचारणाराही शहाणा, मान डोलवून पाण्यापावसावर यायचा. घरात मात्र महादू त्याच झिलाला, आपल्या लेकाला, जुगारी म्हणायचे, तेही त्याच्याकडे न बघता, बायकोला ऐकवत.

मुंबईची नोकरी सोडून आलेला विनीत मागच्या खोलीत बसून ऑनलाइन पोकर खेळायचा, पैसे लावून, आणि त्यावर त्याचं बरं चाललं होतं. गणपतीत याच घरात पत्ते बसायचे नि महादू स्वतः चिल्लर लावून हिरिरीनं खेळायचे, पण ते जागरण! विनीतनं हा मुद्दा एकदाच काढून बघितला. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही, तेव्हापासून त्यानं तो विषय सोडला.

त्याला फार काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, चार लोकांत त्याचं काम त्याच्या नावानं सांगावं, एवढंच.

अशात दिल्लीत ऑनलाइन पैशाच्या खेळांवर कायदा करायच्या गोष्टी सुरू झाल्या. एक वृत्तवाहिनी मालवणात खुली चर्चा घेणार असं ठरलं. कोकणातल्या पोकर खेळणाऱ्यांची छोटीशी संघटना होती. त्यांनी प्रवक्ता निवडायचं काम विनीतच्या गळ्यात घातलं. त्यानं स्वतः उभं राहणं शक्यच नव्हतं. माइक समोर आला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

दोन नावं होती. मालवणचा देवेश, स्पर्धा जिंकलेला, देखणा, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. आणि कुडाळची वकील रश्मी, जिला कोर्टाचे निकाल तोंडपाठ. तालमीसाठी विनीतनं दोघांना घरी बोलावलं. घरापुढच्या खळ्यात खुर्च्या मांडल्या. आता वाकडे प्रश्न विचारणारा पत्रकार हवा.

"गावात पोकरचो सगळ्यात जास्त राग कोणाक आसा?" रश्मीनं विचारलं.

विनीतनं मुकाट्यानं आत जाऊन बाबांना बोलावून आणलं. काजूबिया निवडायच्या सोडून महादू इतक्या उत्साहानं बाहेर आले, की देवेश आधीच जरा सावरून बसला.

"तू जिकलंस ता सांगतंस," महादूंनी तोंड उघडलं. "हरलो तो खंय आसा?"

"काका, हरतत ते कच्चे खेळाडू."

"कच्चे म्हणजे कोणाचे झील?"

देवेशनं रश्मीकडे बघितलं. मग रश्मी पुढे सरसावली. हा नशिबाचा खेळ नाही, कौशल्याचा आहे, अमुक कोर्ट, तमुक निकाल. महादूंनी सगळं ऐकून घेतलं.

"बाय, कोर्टाक समाजला ता बरां झालां. माका नाय समाजलां. माझ्या शेजाऱ्याक समाजात असां सांग."

रश्मी हसायला लागली. हातातली फाईल तिनं मिटून ठेवली. "विनीत, तुझो प्रवक्तो गावलो."

"बाबा? ते तर आमच्या विरुद्ध आसत!"

"म्हणानच. देवेश बोललो तर लोक म्हणतले, हेचां पोट आसा तेच्यार. मी बोललंय तर म्हणतले, फी घेतल्यान. ह्यांका कोण काय म्हणतलो? आणि हरलेल्यांची आठवण आज ह्यांकाच झाली. ती ज्याका नाय, तेच्यार कोण इश्वास ठेवतलो?"

"जुगाऱ्यांच्या बाजून? मी?" महादू म्हणाले आणि तडक आत गेले. तालीम तिथंच संपली.

पण विनीतच्या डोक्यात एक गोष्ट घोळत राहिली. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. कुणाचं लग्न जमत नाही, कुणाची होडी फुटली, नारळ-सुपारी घेऊन माणूस आला की बाबा त्याच्या वतीनं देवाशी बोलायचे, आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायचे. एकदा जाळी चोरताना सापडलेल्या माणसाचंही गाऱ्हाणं त्यांनी घातलं होतं. लोक कुरकुरले, तेव्हा म्हणाले, "देवासमोर इलेल्याक परत धाडूचो अधिकार माका कोणी दिलो?"

सकाळी बाबा खळ्यात बसले होते. विनीतनं त्यांच्यापुढे नारळ-सुपारी ठेवली आणि हात जोडले.

"बाबा, देवळात नाय, मालवणाक. पण गाऱ्हाणां आमचां. तुमी घाला."

दारातून आई, आनंदीबाई, बघत होती. "घरचोच नारळ नि घरच्याकच?" तिला राहवलं नाही.

बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. "मी सगळां सांगान. चुकलां ता पण."

"सांगा."

त्यांनी नारळ उचलला.

मालवणचं सभागृह भरलं होतं. निवेदिकेनं पहिल्याच वाक्याला बार उडवला, "काका, तुमचा मुलगा जुगार खेळतो, हे खरं ना?"

"मी महादू, राहणार तोंडवली," बाबांनी कचेरीतल्या मराठीत सुरुवात केली. ती एका वाक्यात संपली. "माझो झील पोकर खेळता. पत्ते. पैसे लावन खेळता. माका आवडत नाय."

मागच्या रांगेत विनीत खुर्चीतून अर्धा उठला. आवडत नाही तर नाही, पण सांगितलं होतं! सगळ्या मालवणासमोर, त्याच्या नावानं.

"पण तो चोरी करीत नाय. कर भरता. हरलो तर खंय चुकलो ता बघीत बसता, दुसऱ्याक दोष देत नाय. ह्या खेळात घरां बुडाली, ता पण खरां. बुडाले ते पण कोणाचे तरी झील. तेंका आडवा. बारक्या पोरांका हेच्यात येवक देव नको. खोटी जाहिरात करणाऱ्याक धरा." बोलता बोलता आवाज चढला, हात आपोआप जोडले गेले, आणि पुढे बसलीय ती निवेदिका आहे की ग्रामदेवता, याचं भान सुटलं. "पण जो डोक्यान खेळता नि खरां सांगता, तेका चोर म्हणा नको, तेका मानान जगूक देवा, ह्यां आमचां गाऱ्हाणां आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह एका सुरात गरजलं.

निवेदिका दचकली. कानातल्या यंत्रातून तिला कुणी काही सांगत असावं, पण तिनं ते यंत्रच काढून हातात घेतलं. देवेश खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होता. विनीत रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

कायदा व्हायचा तो झालाच. मालवणातलं गाऱ्हाणं दिल्लीपर्यंत पोचलं नाही. पैशाचे ऑनलाइन खेळ बंद झाले आणि विनीत वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात हिशेब बघायला जाऊ लागला. "मी सांगलेलंय" हे शब्द बाबा एकदाही बोलले नाहीत. त्यासाठी विनीतनं मनातल्या मनात त्यांना कितीदा हात जोडले असतील!

पुढे धामापूरहून एक स्थळ आलं. मुलीचे मामा, भाई, पोह्यांची बशी घेत म्हणाले, "मुलगो काय करता?"

आनंदीबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावलं. खरं तर आता "कंप्युटरचां काम" म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. दिवसभर तो कारखान्यातल्या कंप्युटरवरच असायचा.

"आता काजूच्या कारखान्यात हिशेब बघता," बाबा म्हणाले. "तेच्या आदी पोकर खेळायचो. पैसे लावन. तेच्यारच घर चालवल्यान. कायद्यान बंद केल्यानी तेवा सोडल्यान."

भाईंनी बशी खाली ठेवली. मग घरी विचारून कळवतो म्हणाले. याचा अर्थ कोकणात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चहा अर्धा ठेवून मंडळी गेली आणि आनंदीबाई चुलीकडे जाऊन भांडी आपटू लागल्या.

"वायट वाटलां तुका?" बाबांनी विचारलं.

"नाय."

"खोट्यार सून घरात हाडून मगे तिका काय सांगतलंव?"

विनीतला खरोखर वाईट वाटलं नव्हतं. उलट छाती भरून आली होती. असलं काही बापाशी बोलायची त्यांच्या घरात रीत नव्हती, तरी तो बोललाच. "बाबा, तुमचे लय उपकार आसत माझ्यार."

बाबा एकदम गोरेमोरे झाले. पंचा झटकला, खांद्यावर टाकला, उगाच बाहेर बघितलं.

"उपकार माका सांगा नको. चुलीकडे जा नि आवशीक समजाव," ते म्हणाले. "आज कालवण तिच्याच हातात आसा."