संशयी मायक्रोमीटर

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोमीटर आहे. माझ्या दोन जबड्यांत धातू धरला की त्याची जाडी मी केसाहूनही बारीक फरकाने सांगतो. पण 'माप अगदी बरोबर' असे कोणी म्हणाले, की माझ्या पोलादातून एक थंड शहारा सरकतो. बरोबर? कोणाच्या हाताने, कोणत्या उजेडात?

माझे तारुण्य एका तंत्रशिक्षण संस्थेत गेले. तिथे मला कळले, की अभियांत्रिकीच्या प्रत्येक शाखेची आपली अशी शंका असते. विद्युत शाखेची मुले बंद म्हणून सांगितलेली तारही आधी तपासून पाहत. स्थापत्यवाल्यांचा पायाखालच्या जमिनीवर भरवसा नसे. स्वयंचलन शिकणारे यंत्राच्या डोळ्यांकडे, म्हणजे सेन्सरकडे, तिरके पाहत. शाखा निवडणारा माणूस खरे तर जन्मभर कशावर संशय घ्यायचा, तेच निवडत असतो.

एका मुलीने मापन आणि तपासणी ही शाखा निवडली. घरी तिला धाकटी म्हणत. पुढे संस्थेने मला मोडीत काढले, तेव्हा तिने मला मागून घेतले आणि पंपांच्या कारखान्यात नेले. तिथल्या लेथ विभागाचा, म्हणजे धातू कातणाऱ्या यंत्रांचा, प्रमुख तिचा सख्खा मोठा भाऊ होता, उत्पादन शाखेचा. तिची नोकरी अजून कच्ची होती.

एके सकाळी तिने दादाच्या शाफ्टचा, म्हणजे पंप फिरवणाऱ्या दांड्यांचा, अख्खा लॉट नापास केला. प्रत्येक शाफ्ट किंचित बारीक होता. दादाने तर प्रत्येक शाफ्ट लेथवर स्वतः मोजलेला. तो तपासणीच्या खोलीत आला, तो पेटूनच.

"घरी भाजीला नावं ठेवतेस, ते चालतं. इथे माझ्या कामाला ठेवतेस? आधी तुझं हे मोडीतलं म्हातारं तपासून घे."

तपासणीप्रमुखांनी शांतपणे बजावले, की चूक मापात निघाली तर धाकटीची रवानगी गोदामात, खोकी मोजायला. तपासणीचे नाव पुन्हा काढायचे नाही.

त्या संध्याकाळी भाऊ-बहीण एकाच स्कूटरवरून घरी गेले, मध्ये डबा ठेवून. दादाला वाटत होते, ही वरिष्ठांपुढे मिरवते आहे. तिला वाटत होते, याने घाईत माल उरकला आणि आता झाकतो आहे. आणि तिच्या पिशवीच्या अंधारात मी माझ्याच स्क्रूच्या आट्यांवर संशय घेत पडलो होतो.

दुसऱ्या दिवशी तिने माझे जबडे मऊ फडक्याने पुसले आणि नेमक्या ठाऊक जाडीच्या प्रमाण ठोकळ्यावर मला पारखले. मी खरा ठरलो. तेवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. ती मला घेऊन लेथपाशी गेली. दादाने शाफ्ट उतरवला आणि लगेच आपल्या मायक्रोमीटरने मोजला. माप बरोबर. तिने मला लावून मोजला. तेही बरोबर. दादा गालात हसला.

धाकटीने शाफ्टला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

"दादा, जेवून येऊ. मग परत मोज."

जेवून आल्यावर दोन्ही मायक्रोमीटर एकच बोलले: शाफ्ट बारीक. धातू कापताना त्यावर पडणारी गार पाण्याची धार त्या आठवड्यात मंदावली होती. तापून फुगलेला शाफ्ट दादाने तसाच मोजला होता; निवल्यावर तो आकसला. खोटे कोणीच बोलले नव्हते. उष्णतेवर तेवढा कोणाचा संशय गेला नव्हता.

दादाने तो शाफ्ट भंगाराच्या पेटीत टाकला. मग तपासणीप्रमुखांना म्हणाला, लॉट रद्द करा, जबाबदारी माझी. धाकटीकडे न बघता त्याने विचारले, "मी लपवतोय असं वाटलं ना तुला?"

"हो."

"मलाही काहीबाही वाटलं तुझ्याबद्दल."

मित्रांनो, आम्हा साधनांना धुळीत टाकू नका. पुसा, तेलाचा हात फिरवा, आणि मोजण्याआधी रोज पारखून घ्या. जितका संशय घ्यायचा तितका आमच्यावर घ्या. पोलादाला तो बोचत नाही. धातू जेवणाच्या सुट्टीत निवतो. पण ती दोघे त्या संध्याकाळीही स्कूटरवर मध्ये डबा ठेवूनच बसली, आणि ते अंतर मोजता येईल एवढे माझे जबडे उघडत नाहीत.